दोरी न बांधलेली पेटी

समजा, तुम्ही फायनल इयरला आहात. वर्षभर रात्री जागून एक यंत्र बनवलंय. सर्किट तुमचं, सोल्डरिंग तुमचं, बाहेरची पेटी वर्कशॉपमधल्या मामांच्या हातापाया पडून करून घेतलेली. आणि आता हे यंत्र बोटीच्या कठड्यावरून चार-साडेचार किलोमीटर खोल समुद्रात सोडून द्यायचंय. दोरी नाही, वायर नाही. काम झालं की ते आपलं आपण वर येईल, एवढीच आशा. नाही आलं तर यंत्र गेलं, आतला डेटा गेला आणि सबमिशनही गेलं!

मित्रांनो, ही गंमत म्हणून रचलेली गोष्ट नाही. १९३७ ते १९४० या काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागरात काही विद्यार्थी खरोखर हेच करत होते. त्यांचा म्होरक्या होता तिशीतला एक फिजिक्सचा मास्तर. त्याचं नाव मॉरिस युइंग. समुद्राच्या तळावर भूकंपमापक ठेवायचा, ही कल्पना प्रत्यक्षात आणायला निघालेला हा पहिल्या काही माणसांपैकी एक. आज जगभरात तरुण संशोधक जहाजावर चढतात आणि भूकंपमापक समुद्रतळावर सोडतात, तेव्हा ते नकळत याच माणसाच्या वाटेने जात असतात. म्हणून त्याची ही ओळख.

दुष्काळी शेतातला मुलगा

विल्यम मॉरिस युइंगचा जन्म १२ मे १९०६ रोजी टेक्सास राज्यातल्या लॉकनी या छोट्या गावी झाला. हा भाग म्हणजे सपाट, कोरडा माळ. समुद्र शेकडो मैल दूर. घरी शेती, आणि तीही पावसाच्या भरवशावरची. आई-वडिलांना एकूण दहा मुलं झाली. पहिली तीन लहानपणीच गेली, त्यामुळे मॉरिस उरलेल्या सात भावंडांत थोरला. थोरल्या मुलाच्या वाट्याला काय येतं ते आपल्याकडच्या शेतकरी घरातल्या कुणालाही सांगायला नको.

वयाच्या सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. शिष्यवृत्ती होती तरी खर्च भागत नव्हता, म्हणून शिकता शिकता मिळेल ते काम केलं. सुट्ट्यांमध्ये तेलाचा शोध घेणाऱ्या तुकड्यांबरोबर लुइझियानाच्या दलदलीत हिंडला. जमिनीत सुरुंग उडवायचा, त्याच्या लहरी खालच्या खडकांवरून फिरून परत कधी येतात ते मोजायचं आणि त्यावरून खाली काय आहे ते ओळखायचं, हे तंत्र तेव्हा नवं होतं. चिखलात उभं राहून तो ते शिकला.

कॉलेजात असतानाच, १९२६ साली, त्याचा पहिला शोधनिबंध सायन्स या नामवंत नियतकालिकात छापून आला. विषय काय, तर रात्री चंद्रप्रकाशात गवतावरच्या दवात दिसणारं धनुष्य! रात्री उशिरा कॅम्पसवरून चालताना ते अनेकांनी पाहिलं असेल. याने थांबून त्याचा विचार केला. पुढे १९३१ मध्ये राइसमधूनच त्याने पीएच.डी. केली. त्याआधीच, १९३० पासून, तो पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात फिजिक्स शिकवायला लागला होता.

दोन हजार डॉलर आणि एक शिडाचं जहाज

लीहायमधला त्याचा काळ म्हणजे आर्थिक मंदीचा काळ. प्रयोगशाळेला पैसे नाहीत, तासिका भरपूर. पण युइंग स्वस्थ बसणारा नव्हता. खाणींमध्ये सुरुंग उडणार असले की विद्यार्थ्यांना घेऊन तिथे मोजमाप करायला जायचं, हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावर जाऊन बर्फातून लहरी कशा जातात ते बघायचं, असे त्याचे उद्योग चालत. प्रॅक्टिकल म्हणजे चार भिंतीत, ठरलेल्या रीडिंग्ज जुळवणं, हे त्याच्या विद्यार्थ्यांना माहीतच नव्हतं.

नोव्हेंबर १९३४ मध्ये दोन पाहुणे त्याला भेटायला आले. एक प्रिन्स्टनचे भूगर्भशास्त्रज्ञ रिचर्ड फील्ड आणि दुसरे सरकारी सर्वेक्षण खात्याचे विल्यम बोवी. त्यांचा प्रश्न सरळ होता. किनाऱ्यापासून समुद्रात पसरलेली जी उथळ पायरी असते, जिला आपण भूखंडमंच म्हणतो, तिच्या पोटात काय आहे ते या सुरुंगाच्या तंत्राने कळेल का? तोपर्यंत समुद्राच्या तळाखाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोरीला वजन बांधून किंवा आवाजाचा प्रतिध्वनी घेऊन खोली मोजता येई. तळाच्या खालचं मात्र सगळं अंधारात.

युइंग हो म्हणाला. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेने दोन हजार डॉलर दिले. याआधी त्याने तेल कंपन्यांकडेही हात पसरले होते. समुद्राच्या तळाशी आमच्या भागधारकांचा काही संबंध नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं होतं. आज जगातलं किती तेल समुद्राखालून येतं हे आठवलं की या उत्तराचं हसू येतं.

ऑक्टोबर १९३५ मध्ये वुड्स होल संस्थेच्या अटलांटिस या शिडाच्या जहाजावर युइंग चढला, बरोबर क्रेरी आणि रदरफोर्ड हे दोन तरुण. जहाज थांबवून संवेदक तळावर सोडायचे, छोट्या होडीतून दूर जाऊन स्फोटकं उडवायची आणि लहरी यायला किती वेळ लागतो ते नोंदवायचं. गाळातून लहर सेकंदाला साधारण दोन किलोमीटर जाते, खालच्या कठीण खडकातून पाच-सहा किलोमीटर. त्यामुळे जास्त अंतरावर स्फोट केला तर खडकात उतरून लांबून आलेली लहर, गाळातून सरळ आलेल्या लहरीच्या आधी पोचते. मधली वाट खराब असेल तर लांबच्या हायवेने आलेली गाडी जशी आधी पोचते, तसंच हे. या वेळांच्या फरकावरून गाळाची जाडी काढता येते.

उत्तर आलं ते थक्क करणारं होतं. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून बाहेर जाता जाता गाळाचा थर जाड होत होत मंचाच्या कडेपाशी साडेतीन किलोमीटरच्या पुढे गेला होता. तीन माणसं आणि दोन हजार डॉलर!

मीठ विरघळेपर्यंत थांबा

मंच झाला, आता पुढे खरा महासागर. तिथे पाणी चार-पाच किलोमीटर खोल. एवढी लांब केबल सोडायची म्हणजे तिचं वजन, तिचा ताण, जहाजाच्या हेलकाव्याने होणारा आवाज. जहाज जरा हललं की संवेदक ओढला जाणार. मग युइंग आणि अ‍ॅलिन व्हाइन या त्याच्या विद्यार्थ्याने वेगळा विचार केला. केबलच नको. यंत्र मोकळं सोडायचं.

हे कसं जमवलं ते इंजिनिअरिंगच्या मुलांनी नीट वाचावं असं आहे. साडेचार हजार मीटरवर पाण्याचा दाब साडेचारशे वातावरणांएवढा असतो. म्हणजे हाताच्या नखाएवढ्या जागेवर साडेचारशे किलोंच्या आसपास भार. हवेने भरलेला साधा फुगा किंवा पत्र्याचा पिंप तिथे क्षणात चेपतो. वर येण्यासाठी तरंगतं काहीतरी तर हवं. त्यांनी त्यासाठी वापरलं पेट्रोल. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, आणि द्रव असल्यामुळे दाबाखाली फारसं आकसत नाही. आत आणि बाहेर सारखाच दाब असल्याने ते भरायला जाड पोलादी टाकीही लागत नाही. नोंद घेणारी उपकरणं आणि घड्याळ मात्र भक्कम पेटीत बंद.

आता यंत्र खाली नेण्यासाठी वजन. आणि ते वजन वेळ झाल्यावर सोडणार कोण? त्यासाठी मिठाचा ठोकळा! वजन मिठाच्या ठोकळ्याच्या आधाराने अडकवायचं. यंत्र तळाला जातं, ठरल्या वेळी स्फोट होतात, नोंद होते, तोवर समुद्राच्या पाण्यात मीठ हळूहळू विरघळतं, वजन सुटतं आणि पेट्रोलच्या जोरावर यंत्र वर निघतं. ना मोटर, ना रिमोट. १९३८ साली युइंग आणि व्हाइन यांनी या पद्धतीवर निबंध लिहिला. तारा आणि केबलशिवाय खोल समुद्रातली मोजमापं, असा त्याचा विषय.

हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात डेकवर उभं राहून पाण्याकडे डोळे लावून बसावं लागे. यंत्र वर आलं तरी ते कुठे येईल ते नक्की नाही. अथांग पाण्यात एक ठिपका शोधायचा. पेटीत पाणी शिरायचं, घड्याळ बंद पडायचं, नोंद कोरी निघायची. खोल समुद्रातून हाती आलेल्या चांगल्या नोंदी मोजक्याच. पण तळावर यंत्र पाठवून परत आणता येतं हे सिद्ध झालं, आणि त्याच धर्तीवर खोल समुद्रतळाचे फोटो काढणारा कॅमेराही त्यांनी तयार केला.

या पोरांचं पुढे काय झालं हेही पाहा. आल्बर्ट क्रेरी पुढे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही ध्रुवांवर पाय ठेवणारा पहिला माणूस ठरला. अ‍ॅलिन व्हाइनच्या नावावरून अल्विन या प्रसिद्ध पाणबुडीचं नाव पडलं. लामार वर्झेल जन्मभर युइंगचा उजवा हात राहिला. बोटीवर पहिल्यांदा गेले तेव्हा ही सगळी आपल्यासारखीच मुलं होती.

समुद्रातली टेलिफोन लाइन

दुसऱ्या महायुद्धात युइंग वुड्स होलला जाऊन नौदलासाठी काम करू लागला. पाण्यात आवाजाचा वेग तापमान आणि दाब या दोन्हींवर ठरतो. वर पाणी गरम म्हणून वेग जास्त, फार खोल दाब जास्त म्हणून पुन्हा वेग जास्त. मधे कुठेतरी, अटलांटिकमध्ये साधारण एक किलोमीटरच्या पुढेमागे, वेग सर्वांत कमी असतो. तिथे केलेला आवाज वर-खाली वळून पुन्हा त्याच थरात येतो आणि फारसा न विरता शेकडो मैल जातो. युइंगने हे गणिताने मांडलं आणि १९४४ मध्ये वर्झेलबरोबर समुद्रात स्फोट करून नऊशे सागरी मैलांवर ऐकून दाखवलं. सोव्हिएत शास्त्रज्ञ ब्रेखोव्स्कीख यांनाही हाच थर स्वतंत्रपणे सापडला. आज समुद्रातले अणुस्फोट ओळखण्यासाठी ऐकणारी केंद्रंही याच थराचा उपयोग करतात.

बंगल्यातली प्रयोगशाळा आणि डेकवरचा वर्ग

युद्धानंतर युइंग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला. १९४९ मध्ये हडसन नदीच्या काठावरच्या पॅलिसेड्स इथली लॅमॉन्ट कुटुंबाची इस्टेट विद्यापीठाला मिळाली होती, तिथे त्याने लॅमॉन्ट वेधशाळा सुरू केली. श्रीमंतांचा बंगला, पण स्वयंपाकघरात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा! सगळा कारभार असाच, आहे त्यात भागवण्याचा.

मग हवं होतं स्वतःचं जहाज. १९५३ मध्ये वीमा हे तीन डोलकाठ्यांचं जुनं जहाज आलं. १९२३ साली कोपनहेगनमध्ये एका धनिकासाठी बांधलेली ही ऐषारामी बोट. पुढे तिचे मालक झालेल्या व्हेट्लसन यांनी स्वतःच्या आडनावाची आणि पत्नी मॉड यांच्या नावाची आद्याक्षरं जोडून ते नाव ठेवलं होतं. आपल्या विम्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि या बोटीवर जाणाऱ्यांना विम्याचा फार उपयोग होता असंही नाही!

वीमावर नवा विद्यार्थी आला की त्याला कुणी पाहुणा मानत नसे. पाळी लावायची, मोजमाप करायचं, विंच ओढायची, यंत्र बिघडलं तर तिथेच दुरुस्त करायचं. दुकान जवळ नाही, सिनिअर झोपलाय. स्फोटकांना वाती लावण्याचं जोखमीचं कामही हातानेच. सगळे युइंगला नुसतं डॉक म्हणत. डॉक स्वतः डेकवर पोरांच्या बरोबरीने ओल्या कपड्यांत उभा असे. किनाऱ्यावरही त्याच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू दिसे. त्याचा एक नियम फार प्रसिद्ध होता. जहाज कुठेही असो, दिवसातून एकदा थांबायचं आणि तळातल्या गाळाचा एक लांब नळीभर नमुना घ्यायचा. त्याचा आज काय उपयोग, असं विचारायचं नाही. खोली, चुंबकत्व, गुरुत्व, जे मोजता येईल ते सतत मोजत राहायचं.

या हट्टाची किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९५४ मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये वादळ उठलं. डेकवर बांधलेली तेलाची पिंपं सुटली. ती आवळायला युइंग, त्याचा धाकटा भाऊ जॉन आणि जहाजावरचे दोन अधिकारी धावले, आणि एका मोठ्या लाटेने चौघांनाही समुद्रात फेकलं. कप्तानाने तसल्या समुद्रात जहाज वळवलं. तिघे सापडले. चार्ल्स विल्की हा अधिकारी मात्र बुडाला. युइंगच्या मानेला मार बसला, काही काळ एक बाजू लुळी पडली, आणि पुढे जन्मभर तो थोडा लंगडत चालला. तरीही तो पुन्हा जहाजावर गेलाच. याला धाडस म्हणायचं की अतिरेक, ते वाचणाऱ्याने ठरवावं. विल्कीच्या घरच्यांचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं असेल, एवढं लक्षात ठेवावं. त्याचं स्वतःचं घरही या कामापायी फार सुखात नव्हतं. दोन लग्नं मोडली, तिसरं टिकलं.

तळ काय म्हणाला

एवढ्या खटाटोपातून काय हाती आलं? पहिली मोठी गोष्ट म्हणजे महासागराखालचं कवच पातळ आहे. जमिनीखाली ते तीस-चाळीस किलोमीटर जाड, तर समुद्रतळाखाली जेमतेम सहा-सात. म्हणजे महासागर हे बुडालेले खंड नव्हेत, तो खडकच वेगळा. दुसरी गोष्ट, खोल समुद्रात गाळ फारच कमी. पृथ्वीच्या आरंभापासून साचत आला असता तर तो कितीतरी जाड असायला हवा होता. तो बहुतेक ठिकाणी किलोमीटरभरही नव्हता.

तिसरी गोष्ट मध्य-महासागरी पर्वतरांगेची. लॅमॉन्टमध्ये मेरी थार्प ही संशोधिका जहाजांवरून आलेल्या खोलीच्या नोंदींवरून नकाशे काढत होती. १९५२ मध्ये तिच्या लक्षात आलं की अटलांटिकच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खोल भेग आहे. तिचा सहकारी ब्रूस हीझेन याने आधी ते उडवून लावलं. मग भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली तर ती बरोबर त्याच भेगेवर पडली. १९५६ पर्यंत युइंग आणि हीझेन यांनी मांडलं की ही रांग सगळ्या महासागरांतून सलग गेली आहे. तिची लांबी साठ हजार किलोमीटरपेक्षा जास्त.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. जिच्या नजरेला ही भेग पहिल्यांदा दिसली त्या थार्पला त्या काळात जहाजावर जाऊच देत नसत, कारण ती बाई. डेटा पुरुषांनी आणायचा आणि तिने टेबलावर बसून नकाशे काढायचे. पुढे युइंग आणि हीझेन यांचं बिनसलं तेव्हा १९६० च्या दशकात युइंगने तिची लॅमॉन्टमधली नोकरी काढून घेतली. ती घरी बसून नकाशे करत राहिली. नवख्या पोरांच्या हाती जहाजावरची सगळी जबाबदारी देणाऱ्या माणसाने हे केलं. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना असा परिच्छेद गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. पण गाळला तर चरित्र अपुरं राहील.

डॉक चुकला, डेटा नाही

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. हे सगळे पुरावे, म्हणजे पातळ कवच, थोडासा गाळ आणि मधली भेग, एकाच दिशेने बोट दाखवत होते. समुद्रतळ मधल्या भेगेपाशी नवा तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. पण स्वतः युइंगला ही कल्पना अनेक वर्षं पटली नाही. खंड सरकतात यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि त्याच्या शब्दाला लॅमॉन्टमध्ये भलतं वजन होतं.

तिथे वॉल्टर पिटमन नावाचा मुलगा होता. लीहायमधून इंजिनिअरिंग केलेला, काही वर्षं कंपनीत नोकरी करून आलेला, १९६० मध्ये वीमावर तंत्रज्ञ म्हणून चढलेला. नंतर तो लॅमॉन्टमध्येच पीएच.डी. करू लागला. १९६५ मध्ये एल्टॅनिन या जहाजाने दक्षिण प्रशांत महासागरातल्या पर्वतरांगेवरून जाताना चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या होत्या. पिटमन त्या तपासत होता. १९६६ च्या सुरुवातीला त्याने त्यातली एक नोंद मांडली आणि बघतो तर काय, रांगेच्या डावीकडचे चढउतार उजवीकडच्या चढउतारांची हुबेहूब उलटी प्रतिमा! कागद मधे घडी घातल्यासारखा. समुद्रतळ पसरतो याचा इतका स्वच्छ पुरावा तोवर कुणी पाहिला नव्हता.

एका नवख्या इंजिनिअरने डॉकचं मत खोटं पाडलं. पण कशाच्या जोरावर? सतत मोजा, सगळं मोजा, आज उपयोग कळला नाही तरी मोजा, या डॉकच्याच शिकवणीच्या जोरावर. पुरावा पाहिल्यावर युइंगलाही अखेर मत बदलावं लागलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत साइक्स, ऑलिव्हर, आयझॅक्स, ल पिशाँ अशा त्याच्याच संस्थेतल्या तरुणांनी प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत उभा करण्यात फार मोठा वाटा उचलला. बॉसचं मत चुकीचं ठरलं तरी संस्था बरोबर निघू शकते, ती अशी.

त्या रोज घेतलेल्या गाळाच्या नमुन्यांचीही तीच कथा. १९७६ मध्ये, युइंग गेल्यानंतर, पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे हिमयुगं येतात-जातात हे दाखवणारा प्रसिद्ध निबंध आला. त्यातला एक मुख्य नमुना लॅमॉन्टच्या रॉबर्ट कॉनरॅड या जहाजाने दक्षिण हिंदी महासागरातून काढलेला होता. आणि हिंदी महासागर म्हटलं की आपलीही आठवण येतेच. १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत वीमा आणि कॉनरॅड दोन्ही जहाजं होती. त्याच मोहिमेतून पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्याला दोना पावलाला फिरायला जाणाऱ्यांनी तिची इमारत पाहिली असेल.

चंद्र आणि शेवट

समुद्रतळावर भूकंपमापक ठेवायचं वेड युइंगच्या डोक्यातून कधी गेलं नाही. १९६६ मध्ये लॅमॉन्टने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे सुमारे ३,९०० मीटर खोलीवर केबलने जोडलेलं भूकंप केंद्र बसवलं, आणि ते काही वर्षं चाललं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर जो भूकंपमापक ठेवला, त्याच्या शास्त्रज्ञ चमूतही युइंग होता. विचार केला तर प्रश्न तोच होता. माणूस पुन्हा हात लावू शकणार नाही अशा ठिकाणी यंत्र ठेवायचं आणि त्याने एकट्याने काम करायचं. १९६८ मध्ये ग्लोमर चॅलेंजर या खोदकाम करणाऱ्या जहाजाच्या पहिल्या सफरीचे दोन प्रमुख होते युइंग आणि त्याचा जुना विद्यार्थी वर्झेल.

१९७२ मध्ये, संस्थेच्या कारभारावरून मतभेद झाल्यावर, तो लॅमॉन्ट सोडून टेक्सासला, गॅल्व्हेस्टनला परतला आणि तिथे नव्याने काम सुरू केलं. ४ मे १९७४ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याचं निधन झालं. अडुसष्टावा वाढदिवस आठवड्याभरावर आला होता. वीमा त्यानंतरही १९८१ पर्यंत धावली. दहा लाख सागरी मैलांपेक्षा जास्त अंतर कापलेलं ते पहिलं संशोधन जहाज. १९९० ते २००५ या काळात मॉरिस युइंग या नावाचं जहाजही समुद्रतळाखालचे थर मोजत फिरलं.

आजचं डेक

आज समुद्रतळावरचे भूकंपमापक खूप सुधारलेत. पेट्रोलच्या जागी जाड काचेचे पोकळ गोळे आले. यंत्र सेकंदाला साधारण एक मीटर या वेगाने खाली जातं, म्हणजे पाच किलोमीटरला दीड तास. वर्षभर नोंद करतं. मग जहाजावरून ध्वनीचा इशारा दिला की वजन सुटतं. ते कसं सुटतं माहितीये? बऱ्याच यंत्रांत एका धातूच्या तारेतून वीज सोडतात, आणि खारट पाण्यात ती तार काही मिनिटांत झिजून तुटते. म्हणजे पुन्हा समुद्राच्या पाण्यात काहीतरी विरघळायचं, तेव्हाच पेटी वर! मिठाच्या ठोकळ्याचा हा नातूच म्हणायचा.

आणि पोरंही तीच. अमेरिकेत २०११ पासून कॅस्केडियाच्या किनाऱ्यापुढे आणि २०१८-१९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यापुढे मोठ्या मोहिमा झाल्या. अलास्काच्या मोहिमेत ७५ भूकंपमापक समुद्रतळावर ठेवले. या मोहिमांत विद्यार्थ्यांसाठी आणि नुकत्याच पदव्या घेतलेल्या संशोधकांसाठी जागा राखल्या होत्या. अर्ज करा आणि चला. त्यात मुलीही गेल्या. मेरी थार्पला जे मिळालं नाही ते त्यांना मिळालं. ज्यांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नव्हता अशांनाही कठडा धरून, उलट्या आवरत, बोल्ट आवळावे लागतात. घड्याळ बरोबर लावलंय ना, सील नीट बसलंय ना, हे दोनदा तपासावं लागतं. कारण पाण्याखाली जीपीएस चालत नाही, आणि एकदा कठड्यावरून सुटलं की दुरुस्ती नाही.

आपल्यापैकी किती जण समुद्रावर जातील? बहुधा फार थोडे. पण प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी एखादी पेटी सुटणारच आहे. कुणाचा पूल असेल, कुणाचा प्रोग्राम, कुणाचा ट्रान्सफॉर्मर. आपण घरी गेल्यावर, झोपल्यावर, ती एकटीच काम करणार आहे. तिथे सर नसतील, गाइड नसेल. तेव्हा सोडायच्या आधी एकदा सील तपासा. घड्याळ लावा. मग कठड्यापाशी थांबा आणि मीठ विरघळेपर्यंत वाट बघा.